जॅग्वार ई-टाइप आणि कॉर्व्हेट स्टिंग रे : तुलना

ब्रिटनची जॅग्वार ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनीव्हा येथे लोकांसमोर आली, तर अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे १९६३च्या मॉडेल-वर्षात विक्रीस आली. दोन्ही गाड्या दोन आसनांच्या असून दोहोंचे मागील सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणजे मागची दोन्ही चाके एकमेकांपासून वेगळी वर-खाली होतात, म्हणून त्यांची तुलना आजही केली जाते. ही तुलना नुसत्या अश्वशक्तीवर उरकली, तर दोन्ही गाड्यांवर अन्याय होतो.

ई-टाइपचे ३.८ लिटरचे इंजिन सरळ रांगेतील सहा सिलिंडरचे असून त्याला वर दोन कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे) व एसयू बनावटीचे तीन कार्ब्युरेटर (इंधन व हवा मिसळणारे भाग) आहेत. कंपनीने त्याची शक्ती २६५ अश्वशक्ती सांगितली होती. कॉर्व्हेटचे ५.४ लिटरचे व्ही-८ इंजिन (दोन तिरक्या रांगांत आठ सिलिंडर) मात्र पुशरॉडचे, म्हणजे खालच्या कॅमशाफ्टने लांब सळ्यांद्वारे झडपा उघडणारे असून ते २५० अश्वशक्तीपासून इंधन-इंजेक्शनच्या ३६० अश्वशक्तीपर्यंत चार प्रकारांत मिळे, त्यामुळे ‘कॉर्व्हेट’ म्हणताना यांपैकी कोणती, हे आधी ठरवावे लागते. शिवाय हे आकडे ‘ग्रॉस’ पद्धतीचे, म्हणजे गाडीतील सर्व जोडसामान न लावता चाचणी-मंचावर मोजलेले असल्याने आजच्या आकड्यांशी त्यांची थेट सांगड घालता येत नाही.

वेगाच्या बाबतीत दोन्ही गाड्यांची बलस्थाने वेगळी आहेत. इंजेक्शनची कॉर्व्हेट योग्य गिअर-गुणोत्तर असल्यास ताशी ९६ किलोमीटरचा वेग सुमारे सहा सेकंदांत गाठते, ई-टाइपला त्यासाठी सुमारे सात सेकंद लागतात. पण कमाल वेगात जॅग्वारचे अभियंते माल्कम सेअर यांनी वायुगतिकीच्या हिशेबाने आखलेली ई-टाइपची निमुळती काया कामी येते. तिचा ताशी २४१ किलोमीटरचा गाजलेला आकडा चाचणीसाठी खास तयार केलेल्या गाड्यांचा होता आणि ग्राहकांच्या गाड्या सहसा तिथवर पोहोचत नसत, हे नमूद करणे आवश्यक आहे.

सर्वांत मोठा फरक ब्रेकमध्ये आहे, आणि तोच बहुतेक तक्त्यांत हरवतो. ई-टाइपला पहिल्यापासून चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. मागच्या डिस्क चाकांत नसून डिफरेन्शियलला (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या भागाला) लागून बसवलेल्या आहेत. त्यामुळे चाकांसोबत वर-खाली होणारे वजन घटते, पण उष्णता तेलाच्या सीलपर्यंत जाते आणि पॅड बदलण्यासाठी मेकॅनिकला गाडीखाली अवघडून काम करावे लागते. कॉर्व्हेटला १९६४ पर्यंत ड्रम ब्रेकच होते. घाटाच्या लांब उतारावर ड्रम तापले की पेडल तेवढेच दाबूनही गाडी कमी थांबते. एवढ्या ताकदीच्या गाडीत ही उणीव किरकोळ मानता येणार नाही.

कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची असून पोलादी चौकटीवर बसवलेली आहे; ई-टाइपचा मधला भाग पोलादी मोनोकॉक (वेगळ्या चौकटीशिवाय स्वतःच भार पेलणारी बॉडी) असून इंजिन पुढच्या नळ्यांच्या सांगाड्यात बसते.

ई-टाइपच्या सुरुवातीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून चक्रांची गती जुळवणारी यंत्रणा) नव्हता, ४.२ लिटरच्या आवृत्तीने १९६४ मध्ये तो दोष दूर केला. कॉर्व्हेटला १९६५ मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले.