न कुजणारे लाकूड, कुजके खाणारी शेवंड

ह्यूऑन पाइन नावाचाच पाइन. कुळाने तो पोडोकार्प, म्हणजे पाइनहून वेगळ्या सूचिपर्णी कुळातला. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या पश्चिम आणि नैर्ऋत्येकडील ओल्या नदीकाठांवर वाढणारा हा सूचिपर्णी वृक्ष दोन हजार वर्षांहूनही जास्त जगतो, पण त्याच्या खोडाचा व्यास वर्षाकाठी जेमतेम एक-दोन मिलिमीटर वाढतो. त्याच बेटाच्या उत्तरेकडील नद्यांमध्ये गोड्या पाण्यातली जगातली सर्वांत मोठी शेवंड राहते, अ‍ॅस्टॅकॉप्सिस गूल्डी. तिचे आयुष्य साधारण चाळीस वर्षांचे. मादी चौदाव्या वर्षाच्या आसपास वयात येते आणि नंतरही दोन वर्षांतून एकदाच अंडी घालते.

नावे दोघांचीही साहेबी. झाडाच्या शास्त्रीय नावात टास्मानियाचे गव्हर्नर जॉन फ्रँकलिन आहेत, तर शेवंडीच्या नावात भूवैज्ञानिक चार्ल्स गूल्ड. गूल्ड यांनी १८७० मध्येच या मोठ्या शेवंडीचा आढळ आणि सवयींवर निबंध लिहिला होता. तिथले आदिवासी तिला त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होते, हे वेगळे सांगायला नको.

खरी गंमत लाकडात आहे. ह्यूऑन पाइनच्या पिवळसर लाकडात मेथिल युजेनॉल हे तेल असते. त्यामुळे लाकडाला गोडसर वास येतो आणि ते सहसा कुजत नाही. जहाज बांधणाऱ्याला आणखी काय हवे? टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅक्वारी हार्बरमधल्या सारा बेटावर ब्रिटिशांची कैदी-वसाहत होती; तिथे १८२२ ते १८३३ या काळात कैद्यांकडून हेच लाकूड तोडून घेतले आणि त्याची जहाजे बांधली. पुढे लाकूडतोडे ओंडके नदीत सोडून खाली आणत. शेवंडीचे पोट मात्र भरते पाण्यात पडून सडलेल्या लाकूड-पाल्यावर. ताटात ती बेटावरच्या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि मोठी शेवंड पकडणे ही फुशारकीची गोष्ट. पूर्वी सहा किलोपर्यंतच्या मिळत. आता तेवढी दिसणे विरळाच.

कायदेही या दोघांच्याच संथ चालीने आले. जिवंत ह्यूऑन पाइन आता तोडत नाहीत, पण पडलेले, नदीने वाहून आणलेले लाकूड दशकानुदशके टिकते, म्हणून त्यावरचा धंदा चालू राहिला. शेवंडीच्या बाबतीत अशी मधली वाट नव्हतीच. १९९८ पासून ती पकडायलाच बंदी आहे. तरी चोरून पकडणारे आहेतच. शिवाय काठावरचे जंगल तोडले की माती ओढ्यात उतरते, सावली गेल्याने पाणी तापते आणि शेवंडीला तर थंड, स्वच्छ पाणीच लागते.