आसुकार: साखरेच्या स्पॅनिश नावाची पार्श्वभूमी

स्पॅनिशमध्ये साखरेला 'आसुकार' म्हणतात. स्पेनच्या बऱ्याच भागात उच्चार 'आथुकार' असा होतो. शब्द मुळात आपल्याकडचाच. संस्कृत शर्करा, प्राकृत सक्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर ही त्याची वाट, आणि आपली साखरही त्या सक्करेचीच. अरबीत 'अल' हे उपपद लागलं की 'अस्-सुक्कर' असा उच्चार होतो. स्पेनमध्ये उपपदासकट अख्खा शब्द उचलला गेला, म्हणून सुरुवातीचा 'आ' कायमचा चिकटला. इटालियनमध्ये तो नाही, तिथे 'त्सुक्केरो'.

अरब राजवटीत, दहाव्या शतकात, दक्षिण स्पेनमध्ये ऊस पिकत होता. ग्रानादाच्या किनाऱ्यावर, मोत्रिल आणि सालोब्रेन्याच्या पट्ट्यात, तो अगदी आपल्या काळापर्यंत टिकला. तिथला शेवटचा गळीत हंगाम २००६ सालचा. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरचं उसाचं बेणं कॅरिबियनमध्ये नेलं. पुढे क्यूबात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडून पिढ्यान्‌पिढ्या ऊसतोड करून घेतली गेली. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १८८६ मध्ये. सेलिया क्रूस ही आफ्रिकी वंशाची क्यूबन गायिका मंचावरून 'आसुकार!' अशी आरोळी ठोकायची. ती ऐकताना हा इतिहास विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

व्याकरणातही या नामाचं वेगळेपण आहे. 'एल आसुकार ब्लांका', म्हणजे पांढरी साखर: उपपद पुल्लिंगी, विशेषण स्त्रीलिंगी, तरीही प्रयोग शुद्ध. जुन्या स्पॅनिशमध्ये स्वराने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामांनाही 'एल' लागायचं, त्या रीतीची ही खूण. विशेषणही पुल्लिंगी ठेवलं तरी चालतं. मेक्सिकोत 'तिएने आसुकार' म्हटलं की त्या माणसाला मधुमेह आहे. आपण 'त्यांना शुगर आहे' म्हणतो, अगदी तसंच.

उसाच्या चोथ्याला स्पॅनिशमध्ये 'बागासो' म्हणतात. द्राक्षं, ऑलिव्ह पिळून उरलेल्या चोथ्यालाही हाच शब्द. तो फ्रेंच आणि इंग्रजीमार्गे 'बगॅस' होऊन महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत पोचला. बॉयलरमध्ये जळतो तो बगॅस, सहवीजनिर्मिती होते तीही त्यावरच.