आजीच्या तव्यावरचं पापलेट

आजी सांगायची, "एक पापलेट टाकलं की तवा भरायचा." मला ते जुन्या माणसांचं कौतुकाचं बोलणं वाटायचं. यंदा मे महिन्यात हर्णैच्या घरी माळ्यावर तो बिडाचा तवा सापडला. फुटपट्टी लावली, तर २६ सेंटिमीटर भरला. त्या दिवशी बाजारातून आणलेली तीन पापलेटं त्यात शेजारी शेजारी मावली.

पण आठवणींवर भरवसा किती ठेवायचा? माणसाच्या आठवणीतला कडवटपणा गोडव्यापेक्षा लवकर विरतो, असं मानसशास्त्रातल्या बऱ्याच अभ्यासांत दिसून आलंय. मला चुलीवरच्या भाकरीचा खरपूस वास लगेच आठवतो, धुराने लाल झालेले आजीचे डोळे मात्र मुद्दाम आठवावे लागतात. भर पावसात आजारी माणसाला डोलीतून न्यायचे, हेही तसंच. गावाच्या ओढीने झुरणं चाकरमान्यांना नवं नाही. योहानेस होफर या स्विस वैद्यक विद्यार्थ्याने १६८८ मध्ये या झुरण्याला आजार मानून 'नोस्टाल्जिया' हे नाव दिलं. त्यामुळे 'पूर्वी सगळंच छान होतं' हे मला मुळीच पटत नाही.

समुद्राच्या बाबतीत मात्र आपली फसगत उलट्या बाजूने होते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये ती नेमकी पकडली. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला समुद्र हाच मूळचा समुद्र धरून चालते. आजोबांनी पाहिलेली घट नातवाच्या हिशेबात येतच नाही, आणि मोजपट्टी दर पिढीला थोडी थोडी खाली घसरते. फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरावर हौशी मच्छीमार पकडलेल्या माशांसोबत फोटो काढून घेत. लॉरेन मॅक्लेनाखन यांनी १९५६ ते २००७ मधले असे फोटो तपासले. माशाचं सरासरी वजन सुमारे २० किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. फोटोतली माणसं मात्र तेवढीच खुशीत हसत होती. ते हसणं मला फार लागलं, कारण बाजारातून ती तीन पापलेटं घेताना मीही तसाच खूश होतो.

पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडू नये, असा नियमही आहे. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लं गेली, तर अंडी घालायला मासा उरणार कुठून? पण १३५ मिलिमीटर म्हणजे आमच्या तव्याचा जेमतेम निम्मा भाग. एवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही. एका घरच्या तव्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरं. म्हणून तर गावोगावचे जुने फोटो, लिलावाच्या वह्या, म्हाताऱ्या कोळणींच्या आठवणी तारखेनिशी गोळा व्हायला हव्यात.

३१ जुलैला मासेमारीबंदी संपली, होड्या पुन्हा सुटल्या, की हर्णैच्या लिलावात मी फुटपट्टी घेऊन जाणार आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: आजीचा तवा, २६ सेंमी.