काळा पडदा आणि पिवळा दिवा

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला नाशिकहून भाचीचा फोन आला. "मामा, पीसी गेला रे." आवाज रडवेला. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे ती, सबमिशन दोन दिवसांवर आलेलं. रेंडरिंग (मॉडेलवरून चित्र तयार करणं) करताना मेमरी पुरेना, म्हणून १६ जीबीच्या दोन रॅम होत्या त्यांच्या जोडीला तशाच आणखी दोन आणून तिने स्वतःच बसवल्या आणि बटण दाबलं. पंखे फिरले, कॅबिनेटमधले रंगीत दिवे लागले, पण मॉनिटर काळाच. अर्धा मिनिट वाट बघून तिने मागचा स्विच बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. रॅम जिथून आणली त्या दुकानात फोन केला, तर त्यांनी न बघताच सांगून टाकलं, "बोर्ड उडाला असणार, घेऊन या."

व्हिडिओ कॉलवर तिला कॅबिनेटची काच काढायला लावली. बऱ्याच नव्या मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात, शेजारी अगदी लहान अक्षरांत सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट (म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि सिस्टिम सुरू होणं) असं छापलेलं असतं. तिच्या बोर्डावर डीरॅमपाशी पिवळा दिवा स्थिर जळत होता. तो पाहून मला हायसं वाटलं. मेलेला बोर्ड सहसा असा दिवा लावून बसत नाही. तो कशात तरी गुंतलेला होता, आणि आपण दर अर्ध्या मिनिटाला त्याचं काम मोडत होतो.

त्या काळ्या पडद्यामागे काय चाललेलं असतं, हे मला सांगायचंच आहे. कॉम्प्युटरमधली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे किती धडधाकट बोर्ड बदलले जात असतील, या विचाराने वाईट वाटतं.

आधी एक गैरसमज. पंखे फिरतात म्हणजे "करंट येतोय, पण बोर्ड खराब आहे" असं सर्रास म्हटलं जातं. पंख्याचं फिरणं फारच थोडं सांगतं. त्याला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो, प्रोसेसर जिवंत असो वा नसो. आपण बटण दाबतो तेव्हा बोर्ड एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) फक्त एक इशारा देतो. एसएमपीएस आपले सगळे व्होल्टेज उभे करतो, ते स्थिर झाले की आणखी १०० ते ५०० मिलिसेकंद थांबतो आणि मग एका वेगळ्या तारेवरून "वीज ठीक आहे" असा निरोप पाठवतो. तो निरोप येईपर्यंत प्रोसेसरला उठूच दिलं जात नाही. पंखे त्याआधीच फिरायला लागलेले असतात.

प्रोसेसर उठला की पहिला पेच असा: मेमरी सुरू करायला प्रोग्राम चालवावा लागतो, आणि प्रोग्राम चालवायला मेमरी लागते. रॅम या क्षणी निरुपयोगी असते, तिच्यात लिहिलेलं काहीही भरवशाने वाचता येत नाही. इंटेलच्या यंत्रांत यावर तोडगा म्हणून प्रोसेसरच्या पोटातली कॅश, म्हणजे त्याची स्वतःची छोटी मेमरी, थोडा वेळ रॅमसारखी वापरतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये (भाचीच्या पीसीतही तोच आहे) तर मुख्य कोअर, म्हणजे खरं काम करणारे भाग, उठण्याआधी त्याच चिपमधला एक छोटासा एआरएम प्रोसेसर जागा होतो आणि स्वतःच्या चिमुकल्या मेमरीवर काम करत मोठ्या मेमरीची तयारी करतो. रेंडरिंगसाठी घेतलेले ते महागडे कोअर तोवर झोपलेले असतात.

हा छोटा प्रोसेसर आधी प्रत्येक रॅमची ओळख विचारतो. रॅमच्या पट्टीवर एक लहानशी चिप असते, तिच्यात ही पट्टी किती जीबीची, कोणत्या वेगाची, किती व्होल्टची हे नोंदलेलं असतं. ही विचारपूस सावकाश, दोन तारांवरून होते आणि तिला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पुढच्या कामाला. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात.

भाचीच्या रॅमच्या खोक्यावर डीडीआर५-६००० असं छापलेलं होतं. (डीडीआर५ ही डीडीआर रॅमची पाचवी पिढी.) म्हणजे प्रत्येक तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जाणार. एका बिटाच्या वाट्याला आला १६७ पिकोसेकंदांचा वेळ. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाइतका. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा निर्वात पोकळीत जेमतेम ५ सेंटिमीटर जातो. बोर्डाच्या आत, फायबरग्लासमध्ये दाबलेल्या तांब्याच्या रेघेवरून सिग्नल त्याच्या साधारण निम्म्या वेगाने पळतो, म्हणजे बिटाच्या आयुष्यात सुमारे अडीच सेंटिमीटर. प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचं अंतर त्याहून जास्त आहे. त्यामुळे पहिला बिट रॅमपर्यंत पोचलेलाही नसतो, आणि त्याच तारेवर मागून दुसरा, कधी तिसराही निघालेला असतो.

अशा ६४ डेटा-तारा एका चॅनलला (प्रोसेसर आणि रॅममधल्या रस्त्याला), आणि असे दोन चॅनल. १२८ तारांवरून आलेले बिट एकाच ठोक्याला टिपायचे आहेत. एखादी तार दुसरीपेक्षा पाच मिलिमीटरने लांब असेल, तर तिचा बिट तीसेक पिकोसेकंद उशिरा येणार. १६७ मधले तीस म्हणजे कितीतरी झाले! म्हणूनच बोर्ड आखणारे इंजिनिअर जवळच्या तारा मुद्दाम नागमोडी वळवून लांबी सारखी करतात. काही बोर्डांवर रॅमच्या खाचांपाशी या लाटालाटांच्या रेघा डोळ्यांनी दिसतात, टॉर्च लावून जरूर बघा. पण एवढ्याने भागत नाही. सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खोबणीच्या) पिना प्रोसेसरला कशा टेकल्या, रॅमची पट्टी कोणत्या खाचेत आहे, तिच्यावरच्या चिप कोणत्या घाण्यातल्या आहेत, बोर्ड किती गरम आहे, या सगळ्यांनी वेळ थोडी थोडी सरकते. कारखान्यात एकदा मोजून छापून ठेवता येईल असा हा आकडा नाही. तुमच्या टेबलावरच्या, तुमच्या हाताने जोडलेल्या यंत्रानेच तो शोधायचा.

कसा शोधतो? जुना रेडिओ आठवा. विविध भारती लावायचं तर आपण बटण हळूहळू फिरवायचो. आधी खरखर, मग गाणं स्वच्छ, आणखी फिरवलं की पलीकडे पुन्हा खरखर. दोन्हीकडची खरखर कुठे सुरू होते ते कळलं की आपण मागे येऊन बरोबर मध्यावर थांबायचो, म्हणजे स्टेशन जरा हललं तरी गाणं बिघडू नये. मेमरी ट्रेनिंगमध्ये हेच होतं. कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) रॅमकडून आधीच माहीत असलेला बिटांचा नमुना मागवतो आणि ठरावीक क्षणी टिपतो. चुकला तर टिपण्याची वेळ काही पिकोसेकंद पुढे सरकवतो, पुन्हा मागवतो. चूक संपली तिथे डावी कड, पुन्हा सुरू झाली तिथे उजवी कड, आणि मुक्काम दोन्हींच्या मधोमध. वेळेसारखंच व्होल्टेजचंही: किती व्होल्टच्या वर "एक" समजायचं आणि खाली "शून्य", ती रेषासुद्धा वरखाली सरकवून मधली जागा निवडली जाते. हजारो बिटांचे आलेख एकावर एक ठेवले तर मधे जी मोकळी जागा उरते ती डोळ्याच्या आकाराची दिसते. इंजिनिअर तिला "आय"च म्हणतात. ट्रेनिंग म्हणजे प्रत्येक तारेच्या डोळ्याचं बुबुळ शोधणं.

हे वाचण्यासाठी एकदा, लिहिण्यासाठी पुन्हा, आणि कुठे लिहायचं-वाचायचं तो पत्ता व काय करायचं तो हुकूम नेणाऱ्या तारांसाठी वेगळं. शिवाय डीडीआर३ पासून घड्याळाचा सिग्नल पट्टीवरच्या सगळ्या चिपना एकदम न जाता एकीकडून दुसरीकडे, पंगतीत वाढपी जातो तसा जातो. पहिल्या चिपला ठोका लवकर, शेवटच्या चिपला उशिरा. म्हणून लिहिताना प्रत्येक चिपसाठी डेटा वेगवेगळा थोपवून धरावा लागतो, आणि किती थोपवायचा तेही मोजूनच ठरतं. इथवर हाती आलेली एखादी मांडणी पुढच्या पायरीवर नापास झाली, तर वेग किंवा अंतर्गत रोध बदलून बरंचसं पुन्हा पहिल्यापासून.

यात मिनिटं जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० आणि त्याचा एएम५ सॉकेट बाजारात आला, तेव्हा पहिल्यांदा सुरू करणाऱ्या कितीतरी जणांना मॉनिटर पाच-पाच मिनिटं काळा दिसला आणि धडकी भरली. नंतरच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) वेळ कमी झाला. एकदा सापडलेले आकडे साठवून पुढच्या वेळी तेच वापरण्याची सोयही आहे, म्हणून रोज सकाळी हे सगळं सोसावं लागत नाही. पण रॅम बदलली, बायोस अपडेट केलं किंवा सेटिंग पुसलं की शोध नव्याने. आणि तो पुरा होण्याआधी वीज घालवली, तर साठवायला काही हाती आलेलंच नसतं.

भाचीच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. आधीच्या दोन पट्ट्या ६००० वर चालवण्याचं सेटिंग बायोसमध्ये तसंच होतं, आणि आता पट्ट्या चार झाल्या होत्या. चार पट्ट्या म्हणजे एका चॅनलच्या तारांना दोन-दोन पट्ट्या टांगलेल्या. कालव्याला फाटा फुटला की तिथे लाटेचा काही भाग उलटा फिरतो. तारेवरचा सिग्नलही फाट्यावर आदळून थोडा परततो आणि मागून येणाऱ्या बिटात मिसळतो. डोळा बारीक होतो. (दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घाला असं जे सांगतात, त्याचं कारण हेच. जवळच्या खाचेत घातली तर तिच्यापुढे तारेचं शेपूट लोंबकळत राहतं, आणि त्याच्या टोकावरून सिग्नल परततो.) रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत हमी दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० एवढीच आहे. खोक्यावरचा ठळक ६००० हा ओव्हरक्लॉकचा, म्हणजे हमीपेक्षा जास्त वेगाने पळवण्याचा आकडा आहे. तो पट्टीपुरता खरा असतो. तुमचा प्रोसेसर, तुमचा बोर्ड आणि तुमच्या चार पट्ट्या मिळून तो गाठतील, असं कुणीही कबूल केलेलं नसतं. हे विकताना सांगायला हवं. सांगत नाहीत.

म्हणून तिला सांगितलं, वायर भिंतीतून काढ, बोर्डावरच्या सीमॉसच्या (बायोसचं सेटिंग जपणाऱ्या मेमरीच्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडून धर, म्हणजे जुनं सेटिंग पुसलं जाईल. मग बटण दाब, मोबाईलवर टायमर लाव आणि हात मांडीवर ठेवून बस.

"रॅम काढून खोडरबरने घासू का? हॉस्टेलवर सगळे तेच करतात," ती म्हणाली. हा उपाय आपल्याकडे देवाच्या अंगाऱ्यासारखा पसरलाय. पट्टीच्या कडेचा सोनेरी मुलामा खरोखर सोन्याचा असतो, सोनं गंजत नाही, आणि तो थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. रबर तोच खरवडतं, आणि घासण्याने स्थिर विद्युत तयार होते ती वेगळीच. आपल्या बोटाला चटका जाणवायला तीनेक हजार व्होल्ट लागतात, चिप काहीशे व्होल्टलाही दगावू शकते. घासल्यावर पीसी चालू झाल्याचे अनुभव खोटे नाहीत. पण पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली, की खाचेतल्या स्प्रिंगदार पिना तिच्यावर घासून स्वतःच संपर्क स्वच्छ करतात. श्रेय त्याचं, रबराचं नाही. डाग दिसतच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पुरतो.

दर वेळी थांबणं हाच उपाय असतो असं नाही. दिवा सीपीयूवर अडकला असेल तर आधी प्रोसेसरजवळची आठ पिनांची वेगळी केबल लावलीय का बघा, ती हमखास विसरते. प्रोसेसर नवा असेल तर जुन्या बायोसला तो ओळखता येत नसेल. व्हीजीएवर अडकला तर ग्राफिक्स कार्डाची वीज. चारही दिवे विझले तरी मॉनिटर काळा असेल, तर बहुतेक वेळा मॉनिटरची केबल कार्डाला न लावता बोर्डालाच लावलेली असते. आणि डीरॅमवर पंधरा-वीस मिनिटं गेली तरी काही हलत नसेल, तर एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून बघा, मग एकेक वाढवा. पट्टी बसताना कट्‌ असा आवाज यायला हवा.

नाशिकला टायमर चौथ्या मिनिटाला पोचला तेव्हा पंखे थांबून पुन्हा फिरले. ती घाबरली. मी म्हटलं, थांब, एक मांडणी जमली नाही, दुसरी बघतोय. सातव्या मिनिटाला पुन्हा एकदा. नऊ मिनिटं झाली आणि पिवळा दिवा विझला, पांढरा क्षणभर लागून गेला, आणि मॉनिटरवर बोर्डाचा लोगो आला. तिने मोबाईल इतका जवळ नेला की मला नुसता उजेड दिसला.

बायोसमध्ये ६४ जीबी दिसत होते, वेग ३६००. "मामा, हा तर निम्म्यावर आला!" निम्मा नाही, साठ टक्के. तिच्यापुढे दोन वाटा होत्या: दोन पट्ट्या काढून ६००० वर जायचं, किंवा चारही ठेवून ३६०० वर राहायचं. तिचं मॉडेल उघडलं की ४० जीबीच्या पुढे जातं. ३२ मध्ये ते मावत नाही, आणि उरलेलं एसएसडीवर सांडलं की वेगाची गोष्टच संपते. तिने चारही पट्ट्या ठेवल्या, काच लावली आणि पहाटेपर्यंत रेंडर करत बसली.