धुराला वर कोण ओढतं?

डिसेंबर संपत आला की निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरतो. द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात आणि गंगापूर धरणाच्या बाजूला फार्महाऊस बांधलेली मंडळी लाकडावर चालणाऱ्या लोखंडी स्टोव्हची चौकशी सुरू करतात. नाशिकला अशी थंडी जेमतेम दोन महिने. त्यामुळे यात गरजेपेक्षा हौसच जास्त, असं माझं मत. पण बसवायचाच असेल, तर स्टोव्हच्या काचेच्या दारापेक्षा जास्त लक्ष धुराड्याकडे द्यावं. आग पेटती राहते ती त्याच्याच जोरावर.

तापलेली हवा हलकी असते. समजा पाइपातला धूर 200 अंशांवर आहे, बाहेर 10 अंश आहेत आणि पाइप चार मीटर उंच आहे. आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या वजनातल्या फरकामुळे तळाशी साधारण 18 पास्कल ओढ तयार होते. वातावरणाचा दाब लाखाच्या आसपास पास्कल असतो, हे लक्षात घेतलं की 18 म्हणजे किती किरकोळ ते कळतं: नळीतलं पाणी दोन मिलिमीटरसुद्धा धड वर चढणार नाही. एवढ्याशा ओढीवर धूर वर जातो आणि त्याची जागा घ्यायला खालच्या झडपेतून ताजी हवा आत येते. दारं-खिडक्या घट्ट लावून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू केला, तर तो ही ओढ सहज मोडतो आणि धूर उलटा खोलीत येतो. स्टोव्हजवळच्या भिंतीला बाहेरची हवा आत घेणारी जाळी हवीच.

आपला तांब्याचा बंब याच तत्त्वावर चालतो. मधली नळी तापते, हवा ओढली जाते, निखारे फुलतात. पण बंब पेटायचा तो मागच्या अंगणात नाही तर पडवीत. तोच उचलून बंद न्हाणीघरात नेला, की नळीतून निघालेलं सगळं तिथेच कोंडतं.

त्यात खरा घातक असतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि वजन जवळपास हवेएवढंच, त्यामुळे तो खोलीभर पसरतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. झोपलेल्या माणसाला तर तेही कळत नाही. आग ‘रात्रभर पुरावी’ म्हणून निजताना झडप जवळजवळ बंद करण्याची सवय सगळ्यात वाईट. हवा कमी पडून हा वायू वाढतो, आणि पाइप थंड पडल्याने त्याला बाहेर नेणारी ओढही मंदावते. झोपायच्या खोलीत या वायूचा अलार्म लावल्याशिवाय स्टोव्ह पेटवू नये.

आता पाइप. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये पत्रा वळवून देणारे पुष्कळ आहेत, पण काय मागायचं ते आपल्याला ठाऊक हवं. जीआय पाइप नको. त्यावरचं जस्त 420 अंशांच्या सुमाराला वितळतं आणि फार तापल्यावर त्याचे विषारी धूर निघतात. सिमेंटचे जुने पाइपही नकोत. काळं पोलाद किंवा स्टेनलेस स्टील घ्यावं. जोड देताना कारागीर हटकून खालचा तुकडा वरच्यात घालतो, कारण ‘धूर वरच जाणार ना!’ करायचं उलट: वरच्या तुकड्याचं निमुळतं टोक खालच्यात. आत साचणारं डांबरासारखं काळं द्रव मग जोडातून बाहेर न ओघळता आगीतच परत पडतं. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू. वळणं कमीत कमी. छपराबाहेर पाइप निदान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आतल्या कुठल्याही उंचवट्यापेक्षा दोन फूट वर हवा. नाहीतर कौलांवरून घसरणारा वारा धूर खाली दाबतो. वर टोपी हवी. इगतपुरीकडचा पाऊस आडवा येतो, आणि मोकळं तोंड दिसलं की मैना घरटं करतेच.

पाइप जिथे छपरातून जातो तिथे दुपदरी लागतो. वासा लगेच पेटत नाही; रोजच्या उष्णतेने महिनोन्‌महिने कोळसत जातो आणि मग नेहमीपेक्षा कमी तापमानालाही आग धरतो. पीव्हीसीच्या फॉल्स सीलिंगबद्दल तर बोलायलाच नको. एकपदरी पाइपापासून जळाऊ वस्तू दीड फूट आणि स्टोव्हपासून तीन फूट लांब असाव्यात, त्याहून जास्त अंतर उत्पादकाने सांगितलं असेल तर तेवढ्या.

ते काळं द्रव येतं ओल्या लाकडातून. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आगीची बरीच उष्णता ते उकळवण्यातच जाते, धूर गार पडतो आणि न जळलेले पदार्थ पाइपाला आतून थर देतात. हा थर पेटला तर पाइप लालबुंद होतो. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली हवा. द्राक्षबागेतल्या एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या उन्हाळाभर वाळवून पावसाळ्यात शेडखाली ठेवल्या तर डिसेंबरात खडखडीत मिळतात. ऑक्टोबर छाटणीच्या काड्या त्याच हिवाळ्यात जाळायच्या तर ओलावा मोजूनच. काड्या भडकन पेटतात, म्हणून त्यांनी फक्त आग धरवावी. पुढे बाभळीचं नाहीतर काढलेल्या बागेतल्या खोडांचं वाळलेलं लाकूड चांगलं. हंगामाआधी एकदा ब्रशने पाइप खरवडायचा, आणि रोज पेटवत असाल तर मध्येही एकदा.

राख प्लॅस्टिकच्या बादलीत भरू नये. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून तो डबा घराबाहेर, फरशीवर ठेवावा.