अडखळणाऱ्या डॉक्टरचं निदान

सकाळच्या राउंडला जेआर, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, केस सांगताना अडखळतो. पेशंटच्या पोटॅशियमचा रिपोर्ट बघायचा राहून गेलेला असतो. सगळ्यांसमोर सर म्हणतात, "वाचून येत जा!" म्हणजे अडखळण्याचं कारण न तपासताच सरांनी औषध दिलं.

कारण रिपोर्ट राहण्यामागे पोटॅशियमचं महत्त्व माहीत नसणं ही एकच शक्यता नाही. कामांचा क्रम लावता न येणं, घरची काळजी, लॅबकडून रिपोर्टच उशिरा येणं, काहीही असू शकतं. आणि झोप तर आहेच. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते. २४ तासांनंतर साधारण ०.१० टक्के असल्याइतकी. रात्रभर इमर्जन्सी ड्यूटी करून थेट राउंडला उभ्या राहिलेल्या जेआरला आणखी वाचायला सांगून काय होणार? ओरडण्याने तर भरच पडते. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि पाठ असलेलंही ऐन वेळी आठवत नाही. समोरच्याला ते अज्ञान वाटतं.

उत्तम सर्जन हा आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, हे आपल्याकडे उशिरा मान्य झालं. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार वैद्यकीय शिक्षकांना शिकवण्याचं मूलभूत प्रशिक्षण घ्यावं लागतं. राज्यातली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेव्हा म्हसरूळला, विद्यापीठाच्या मुख्यालयात, ठरणाऱ्या गोष्टी गडचिरोलीच्या वॉर्डापर्यंत पोहोचू शकतात.

अशा प्रशिक्षणात मला सर्वांत मोलाची वाटते ती १९९२ साली मांडली गेलेली 'वन मिनिट प्रिसेप्टर' पद्धत. शिक्षक आधी विचारतो, "तुला काय वाटतं?" मग, "कशावरून?" या दुसऱ्या प्रश्नातच खरं निदान आहे. उत्तर चुकलं तरी विचार कुठे वळला ते कळतं. त्यानंतर एखादं सूत्र शिकवायचं, बरोबर आलेलं नेमकं सांगायचं, चूक दुरुस्त करायची. "छान" एवढं म्हणून भागत नाही. आपल्या वॉर्डांत तेही क्वचितच ऐकू येतं, ती गोष्ट वेगळी.

शिक्षकांना सरावाने शिकवावी लागते अशी आणखी एक गोष्ट म्हणजे लिहून ठेवणं. विद्यार्थ्याबद्दल वर्षभर कुरकुर करायची आणि शेरा मात्र 'समाधानकारक' द्यायचा, ही पद्धत जगभर आहे. नोंदी नसल्या की नापास करायचा धीर होत नाही आणि मदतही वेळेत मिळत नाही.

मात्र शिक्षकाने समुपदेशक व्हायला जाऊ नये. गुण देणाऱ्यासमोर कोण मन मोकळं करेल? झोप उडाली आहे, जगणं नकोसं झालं आहे असं कानावर आलं, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक डॉक्टरांसाठीही आहे.