हाय-रेझ ऑडिओचे सीडी-दर्जात रूपांतर

२४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ अशा वरच्या दर्जाच्या (हाय-रेझ) ध्वनिफाइलवरून सीडीच्या मापाची, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ आणि दोन चॅनेलची फाइल तयार करणे. इथे सॅम्पल म्हणजे ध्वनिलहरीचे एकेक मोजमाप, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार सॅम्पल, आणि बिट म्हणजे प्रत्येक सॅम्पल किती बारकाईने नोंदले ते. गाडीतल्या जुन्या सीडी प्लेअरसाठी किंवा फोनमधली जागा वाचवण्यासाठी हौशी श्रोते हे काम घरच्या संगणकावर करतात. एका मिनिटाचा स्टिरिओ आवाज २४/९६ मध्ये सुमारे ३४.६ एमबी जागा घेतो, सीडीच्या मापात १०.६ एमबी.

४४,१०० हा अडनिडा आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. सीडीच्या आधी डिजिटल आवाज साठवायला पुरेशी जागा असलेले सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओ टेप. टीव्हीच्या चित्रातल्या एकेका रेषेवर तीन सॅम्पल बसवत. सेकंदाला ६० फील्ड (अर्धी चित्रे), प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेषा, गुणिले ३ म्हणजे ४४,१००. युरोपातल्या ५० फील्ड आणि २९४ रेषांच्या पद्धतीतही उत्तर तेच. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या ‘रेड बुक’ या मानकात हाच दर कायम झाला. ८८.२ किलोहर्ट्झवरून सीडीवर येताना सरळ निम्मे करायचे असते. ९६ वरून येताना मात्र दर ३२० सॅम्पलच्या जागी १४७ नवी काढावी लागतात. जुन्या, धीम्या संगणकांना हे जड जाई. आता चांगल्या सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच, त्यामुळे ‘८८.२ चीच फाइल घ्या’ या सल्ल्यात फारसा दम उरलेला नाही.

सॅम्पल कमी करण्याआधी २२.०५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे नव्या दराच्या निम्म्याच्या, वरच्या कंपनसंख्येचे सगळे फिल्टरने काढावे लागते. ते राहिले तर गप्प बसत नाही. ३० किलोहर्ट्झचा स्वर माणसाला ऐकू येत नाही, पण फिल्टरविना ४४.१ वर आणला की तो १४.१ किलोहर्ट्झवर दुमडून येतो आणि तिथे ऐकू येऊ शकतो. फिल्टरनंतर लहरीचा आकार थोडा बदलतो, म्हणून आधीच काठोकाठ भरलेल्या फाइलची शिखरे मर्यादेबाहेर जाऊन छाटली जातात. त्यासाठी आधी आवाज एखादा डेसिबल उतरवून ठेवतात.

खरी चूक होते ती बिट कमी करताना. २४ मधले शेवटचे ८ बिट नुसते कापून टाकले, तर मोठ्या आवाजात कुणाला पत्ता लागत नाही. पण मैफलीच्या शेवटी विरत जाणारा तानपुरा घ्या: आवाज शेवटच्या एक-दोन बिटांइतका उरला की गोलाईऐवजी पायऱ्या उरतात, आणि हेडफोनचा आवाज वाढवून ऐकले तर स्वराला चिकटलेली खरखर जाणवते. यावर उपाय डिदर. शेवटच्या बिटाच्या मापाची बारीक, यादृच्छिक खसखस मुद्दाम मिसळतात; मग खरखर जाऊन एकसारखी, अगदी मंद सळसळ उरते आणि तानपुरा तिच्यात हळूहळू विरतो. आवाज सुधारायला गोंगाट मिसळायचा, हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. नॉइझ शेपिंग केले तर ही सळसळ कानाला कमी जाणवणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलता येते.

म्हणून क्रम ठरलेला: आधी पातळी, मग सॅम्पल रेट, सर्वांत शेवटी डिदर करून १६ बिट. सॉक्स (मोजे नव्हेत, आज्ञा टाइप करून चालणारे मोफत सॉफ्टवेअर) बिट कमी करताना डिदर आपणहून लावते. एफएफएमपेग या तशाच दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरला ते सांगावे लागते, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. एसएसीडी या वरच्या दर्जाच्या सीडीसारख्या डिस्कवर डीएसडी नावाच्या पद्धतीने नोंदलेल्या ध्वनीचे गणित निराळे: १ बिट, सेकंदाला २८,२२,४०० सॅम्पल, आणि ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत भरपूर गोंगाट, तो आधी गाळावा लागतो.

एवढे करून हाय-रेझ आणि सीडी-दर्जा यांतला फरक ऐकू येतो का, यावर वाद आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेयर आणि मोरन यांच्या चाचणीत ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. काढून टाकलेले बिट परत मिळत नाहीत.

सीडी बर्न करताना आणखी एक खाच. सीडीवरचा एक सेक्टर (माहितीचा ठरावीक तुकडा) ५८८ सॅम्पलचा, सेकंदाला ७५ सेक्टर. आलाप आणि बंदिश वेगळे ट्रॅक केले पण तोडणी ५८८ च्या पटीत पडली नाही, तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि अखंड वाजणाऱ्या तानपुऱ्यात मध्येच टिक असा खटका येतो. तो टाळायचा तर सगळी मैफल एकाच फाइलमध्ये ठेवून ट्रॅकच्या जागा क्यू शीट नावाच्या छोट्या मजकूर-फाइलमध्ये लिहितात आणि डिस्क एका दमात बर्न करतात.